वसंतातलं व्हॅलेन्सिया, भटकंती आणि खाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या शहरात मार्च ते मे या काळात येणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माद्रिद आणि बार्सिलोना सोडून व्हॅलेन्सियाला का यावं?

दोन्ही पाहायची असतील तर जरूर पाहा, पण तिथे दिवस जातो रांगा लावण्यात. व्हॅलेन्सिया स्पेनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर असूनही त्याचा जुना भाग पायी फिरून होतो. शहराच्या मधून नदीच्या कोरड्या पात्रात केलेली बाग जाते, ट्रॅममध्ये बसलं की समुद्र येतो आणि दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर भातखाचरं सुरू होतात. पाएया हा भाताचा पदार्थ याच मातीतला. माझं प्रामाणिक मत असं, की इथे स्थळांची यादी करून येणाऱ्यापेक्षा दुपारचं जेवण कुठे करायचं हे आधी ठरवून येणाऱ्याची सहल चांगली होते. स्थळं जेवणाच्या अलीकडे-पलीकडे बसतात. उलटं करायला गेलं की जेवण हुकतं (प्रश्न ६).

२. मार्च, एप्रिल की मे? नेमकं कधी यावं?

मार्च म्हणजे फायास उत्सव : आवाज, धूर, गर्दी, महाग खोल्या आणि आयुष्यभर सांगत राहाल असं दृश्य. एप्रिलमध्ये शहर शांत होतं, संत्र्याची झाडं फुलतात आणि भिंतींना टेकून उभं राहिलं तरी वास येतो. मेमध्ये दिवस मोठा, सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि समुद्र सहन होण्याइतका गार उरतो.

दिवसाचं तापमान मार्चमध्ये १९-२० अंशांपर्यंत जातं, मेमध्ये २४ च्या आसपास. मार्चच्या रात्री मात्र १० अंशांपर्यंत उतरतात. मुंबईकरांनी जाड जाकीट आणावं, नाशिक-पुणेकरांना स्वेटर पुरतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे भारताशी असलेला साडेचार तासांचा फरक साडेतीन तासांवर येतो. त्या रविवारी परतीचं विमान असेल तर हे विसरू नका.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा मी डोळे झाकून सांगेन.

३. व्हिसाची तयारी केव्हा सुरू करायची?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो जावा लागतो. पण वसंतासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून मार्चला यायचं असेल तर दिवाळीचे फटाके संपले की कागद गोळा करायला लागा. प्रौढांसाठी मूळ शुल्क ९० युरो, त्यावर अर्जकेंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे.

एकाच फेरीत पॅरिस आणि व्हॅलेन्सिया करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर भारतीयांना दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. ही सोय २०२४ पासून आहे.

४. किती दिवस ठेवायचे?

तीन पूर्ण दिवस. एक जुन्या शहराला, एक तुरिया बाग आणि विज्ञाननगरीला (प्रश्न १४), एक समुद्र आणि अल्बुफेरा सरोवराला (प्रश्न १८-१९). चौथा मिळाला तर काही ठरवू नका. माद्रिदहून वेगवान रेल्वे दोन तासांच्या आत आणते, बार्सिलोनाहून साधारण तीन तास लागतात. म्हणून ‘जाऊन-येऊन एका दिवसात’ करता येईल का असंही विचारतात. येईल, पण मग जेवण घड्याळ बघत होईल.

५. मुंबईहून थेट विमान आहे का? शहरात फिरायला गाडी लागते का?

थेट विमान नाही. आखाती देशांत किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलून यावं लागतं, किंवा माद्रिदला उतरून रेल्वेने. व्हॅलेन्सियाच्या विमानतळातूनच मेट्रोच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या मार्गिका सुटतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत मध्यवर्ती शातिवा किंवा कोलोन स्थानकावर सोडतात. विमानतळाचं तिकीट शहरातल्या तिकिटापेक्षा महाग असतं. पर्यटक कार्ड घेतलं तर त्यात विमानतळाची मेट्रो, शहरातल्या बस-ट्रॅम आणि नगरपालिकेची संग्रहालयं येतात. रोज दोन-तीन संग्रहालयं पाहणार नसाल तर ते वसूल होतंच असं नाही.

गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या गल्ल्यांत ती ओझंच होते. शहर सपाट आहे, सायकलचे मार्ग चांगले आहेत, उरलेलं चालून होतं.

६. दुपारी बारा वाजता रेस्टॉरंटमध्ये गेलो तर जेवण मिळालं नाही, रात्री साडेसातलाही नाही. लोक जेवतात कधी?

दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असतं; पर्यटकांच्या चौकात जे चालू दिसतं ते बहुधा गोठवलेलं गरम करून देणारं असतं.

इथला माणूस उपाशी राहत नाही याचं कारण सकाळी दहा-अकराचा भक्कम नाश्ता. त्याला अल्मुएर्सो म्हणतात, व्हॅलेन्सियन बोलीत एस्मोर्सारेट. आधी शेंगदाणे आणि ऑलिव्हची वाटी येते, मग हातभर लांब पावाचा बोकादियो (सँडविच), सोबत एक पेय आणि शेवटी क्रेमाएत, म्हणजे जाळलेल्या रमवर ओतलेली कॉफी. गवंडी, वकील, निवृत्त शिक्षक, सगळे एकाच बाकावर. भाव माफक. हा नाश्ता हॉटेलातल्या बुफेपेक्षा शंभर पटींनी चांगला आहे, म्हणून खोली घेताना नाश्ता वगळून घ्या. शाकाहारी माणसाने बटाट्याच्या ऑम्लेटचा बोकादियो मागावा (अंडं चालत असेल तर).

कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ विचारा. पहिला पदार्थ, मुख्य पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी मिळून साधारण १४ ते १८ युरोंत पोट भरतं. लहान मुलं असतील तर दुपारचं जेवण मोठं ठेवा आणि रात्री खोलीवर फळं-दही-पाव. रात्री नऊपर्यंत पाच वर्षांचं मूल ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

७. खरी पाएया कोणती? आणि ती रात्री का मागायची नाही?

व्हॅलेन्सियाच्या पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचे मोठे पांढरे वालासारखे दाणे (आपल्या डबल बीच्या जवळचे), टोमॅटो, ऑलिव्ह तेल, पिमेंतोन (लाल मिरचीची पूड), केशर, पाणी, मीठ आणि तांदूळ असतो. कधी गोगलगायी, कधी रोझमेरीची काडी. कोळंबी आणि कोंबडी एकत्र घातलेली पाएया दिसली तर ती तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी आहे. चोरिझो (डुकराचं मसालेदार सॉसेज) घातलेली तर इथल्या माणसासमोर बोलूसुद्धा नका.

भात जड, म्हणून तो दुपारी खायचा. रात्री पाएया मागवणारा परका आहे हे वाढप्याला लगेच कळतं. चांगल्या ठिकाणी ती किमान दोघांसाठी आणि मागणीनंतरच करतात, अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. दहा मिनिटांत आली तर ती आधीच शिजलेली होती. दारात पाएयांचे रंगीत फोटो छापलेला फलक उभा असेल तर पुढे चला. रविवारी दुपारी अख्खी कुटुंबं भात खायला बाहेर पडतात, त्यामुळे आधी टेबल राखून ठेवा.

भाताचा थर पातळ असतो, बोटभरही नाही. दाणा आपल्या सवयीपेक्षा जरा टणक लागतो आणि तो तसाच हवा. तळाची तपकिरी खरवड म्हणजे सोकारात. ‘करपलंय’ म्हणून परत पाठवलेली ताटं मी पाहिली आहेत, आणि आचाऱ्याचा चेहराही. चमच्याने, थेट परातीतून, आपापल्या बाजूने खायचं ही घरची रीत. रेस्टॉरंटात थाळीत मागितलं तरी कुणी रागावत नाही.

८. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारावं लागेल आणि नीट विचारावं लागेल. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढं म्हणून भागत नाही, कारण इथे अनेकांच्या हिशेबात डुकराचं हामोन आणि ट्यूना मासा ‘मांस’ या शब्दात येत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’ असं सगळं म्हणा. चालत नसेल तर ‘सिन ह्वेव्हो’ (अंड्याशिवाय) जोडा.

फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. मिश्र सॅलडवर ट्यूना येतो. एस्गार्राएत म्हणून भाजलेल्या लाल मिरचीचा देखणा पदार्थ असतो, त्यात खारवलेला कॉड मासा असतो. आर्टिचोकवर हामोनचे तुकडे भुरभुरतात. भट्टीतला भात, आर्रोस अल फोर्न, वरून छोले-बटाटा-टोमॅटोचा दिसतो पण त्यात डुकराचं मांस आणि रक्ताचं सॉसेज असतं. काही पेस्ट्र्यांत डुकराची चरबी असते. पारंपरिक चीजमध्ये बहुतेक वेळा प्राण्यांपासून काढलेलं रेनेट असतं. ते पाळणाऱ्यांनी चीज टाळावं.

निर्धास्त खाण्यासारखं : टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, बदाम-ऑलिव्ह, साध्या भाजलेल्या भाज्या. पातातास ब्रावास (तळलेले बटाटे) मागताना वरचा पांढरा आलिओली सॉस अंड्याचा असू शकतो हे लक्षात ठेवा. भाज्यांची पाएया, पाएया दे वेर्दुरास, बऱ्याच ठिकाणी मिळते आणि मार्च-एप्रिलमध्ये ती सर्वांत चांगली लागते, कारण आर्टिचोक आणि ओल्या बाकल्याच्या शेंगांचा हंगाम असतो. आर्टिचोकने भात काळपट होतो, घाबरू नका. फक्त रस्सा कशाचा आहे ते विचारा : ‘काल्दो दे वेर्दुरास?’ आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर उत्तम.

रुसाफा भागात शाकाहारी आणि भारतीय दोन्ही प्रकारची रेस्टॉरंट्स आहेत. तरी पहिल्याच दिवशी पनीर शोधत जाऊ नका.

९. जैन जेवण मिळेल का?

रेस्टॉरंटमध्ये मिळणं कठीण आहे. कांदा-लसूण वगळून सांगितलं तरी रश्श्यात ते आधीच असतं. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, मेर्कादो सेंत्राल या मध्यवर्ती बाजारातून (प्रश्न १२) भाज्या आणा आणि डाळ-मसाला घरून आणा. एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : ओर्चाता हे दुधाशिवायचं पेय असलं तरी ते कंदापासून बनतं (प्रश्न ११), म्हणजे जैनांना चालणार नाही. संत्र्याचा ताजा रस सर्वत्र मिळतो.

१०. आम्ही कोकणी-मालवणी, मासे खायलाच येतोय. काय मागवू?

माकूळ तव्यावर भाजून लसूण-पार्स्लीच्या तेलात देतात, सेपिया आ ला प्लांचा. मालवणी जिभेला ती पहिल्या घासाला पटते. क्लोचिना नावाचे इथले छोटे शिणाणे एप्रिलच्या अखेरीपासून किंवा मेपासून मिळतात, नुसते लिंबू, मिरी, तमालपत्राच्या वाफेवर उघडलेले. मार्चमध्ये आलात तर ते मिळणार नाहीत, जे मिळतील ते दुसरीकडचे मोठे शिणाणे. भाताचे प्रकार हवे असतील तर आर्रोस आ बांदा (माशाच्या रश्श्यात शिजवलेला) आणि शेवयांचा फिदेउआ, जो दक्षिणेच्या गांदिया गावचा.

ऑल इ पेब्रे ही अल्बुफेरातल्या वाम माशाची लसूण-पिमेंतोनची आमटी. रंग बघून तिखट वाटेल, पण नाही. एकंदरच इथे तिखट नसतं. खिशात मिरची ठेवा, पण माशावर टाकण्याआधी एकदा तसाच खाऊन बघा.

११. ओर्चाता काय असते? कुठे प्यावी?

चुफा नावाच्या गवताच्या मुळाशी लागणाऱ्या छोट्या गाठी भिजवून, वाटून, गाळून साखर घातलेलं थंड पेय. ही वनस्पती आपल्याकडच्या नागरमोथ्याच्या कुळातली. दूध नसतं, त्यामुळे दूध न पचणाऱ्यांना चालतं. सोबत फार्तोन नावाचा लांबट गोड पाव बुडवून खायचा. शहराला लागून उत्तरेला अल्बोराया आहे, चुफाची शेतं तिथेच. मेट्रोची ३ क्रमांकाची मार्गिका तिथे जाते. बाटलीतली घेऊ नका, ती उष्णता देऊन टिकवलेली असते आणि चव पार बदलते. ‘नातुराल’ मागा. फार गोड वाटली तर बिनसाखरेचीही असते.

१२. जुन्या शहरात काय चुकवू नये?

मेर्कादो सेंत्राल आणि त्यासमोरची ला लोंखा, दोन्ही एका सकाळी. बाजार १९२८ साली उघडला : लोखंड, काच, रंगीत फरशा आणि घुमटाखाली फळभाज्या-मासळीच्या ओळी. सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत, रविवारी बंद. नऊच्या आधी गेलात तर गृहिणी दिसतात, अकरानंतर मोबाइल उंचावलेले हात. एप्रिल-मेमध्ये लोकाट फळं घ्या.

ला लोंखा हा रेशीमव्यापाराचा बाजार, बांधकाम १४८२ साली सुरू झालं, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. मुख्य दालनातले खांब दोर पिळल्यासारखे वर जातात आणि छतात झाडाच्या फांद्यांसारखे पसरतात. तिकीट नाममात्र, रविवारी फुकट. दहा मिनिटांत बाहेर पडू नका, बाकावर बसा आणि वर पाहा.

कॅथेड्रलची पायाभरणी १२६२ ची. आत अकीक दगडाचा एक प्याला आहे, येशूच्या शेवटच्या भोजनातला तो हाच असं श्रद्धाळू मानतात. मिगेलेते मनोऱ्याच्या २०७ पायऱ्या गोल आणि अरुंद आहेत. गुडघे दुखत असतील तर त्याऐवजी तोर्रेस दे सेर्रानोस हे जुनं वेशीद्वार चढा, तिथल्या पायऱ्या रुंद आणि उघड्यावर आहेत. यादवी युद्धात माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रं सुरक्षित राहावीत म्हणून याच वेशीत आणून ठेवली होती.

सान निकोलास चर्चचं भित्तिचित्रांनी भरलेलं छत पाहा. ललित कला संग्रहालय फुकट आहे, वेलास्केसचं आत्मचित्र आणि सोरोयाची चित्रं तिथे आहेत, आणि तरी ते रिकामं असतं. कमाल आहे.

१३. गुरुवारी कॅथेड्रलबाहेर काय भरतं? पाहण्यासारखं आहे का?

पाणी न्यायालय. दर गुरुवारी दुपारी १२ वाजता प्रेषितांच्या दारासमोर काळे डगले घातलेले आठ जण गोलाकार बसतात. ते आसपासच्या शेतीला पाणी देणाऱ्या आठ कालव्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी, स्वतः शेतकरी. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, निकाल जागेवर, भाषा व्हॅलेन्सियन. वकील नाही. २००९ मध्ये युनेस्कोने याला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. धुळे-नाशिककडची फड पद्धत माहीत असलेल्यांना यात फार ओळखीचं सापडेल.

पण अपेक्षा ठेवून जाऊ नका. बहुतेक गुरुवारी एकही तक्रार नसते. कालव्यांची नावं पुकारतात आणि पाच मिनिटांत उठतात. पावणेबाराला जागा धरा, जेवण त्यानंतर दोनला (प्रश्न ६).

१४. नदीच्या पात्रात बाग कशी? आणि ती पांढरी भव्य इमारत तिकीट काढून पाहावी का?

१४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया नदीला महापूर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवली. रिकाम्या जुन्या पात्रात महामार्ग करायचा बेत होता. नागरिकांनी ‘पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय’ म्हणत तो हाणून पाडला. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे आणि वरून जुने पूल जातात. मुलांना गलिव्हर पार्कला न्या : जमिनीवर पडलेला अवाढव्य गलिव्हर, त्याच्या अंगावरून घसरगुंड्या. फुकट.

बागेच्या पूर्व टोकाला कला आणि विज्ञाननगरी आहे, मुख्यतः सान्तियागो कालात्रावा या इथल्याच वास्तुकाराने रचलेली. पहिली इमारत १९९८ मध्ये उघडली. बाहेरून पाहायला पैसे लागत नाहीत आणि निम्मं सुख बाहेरच आहे. तिकीट काढायचं तर ओशनोग्राफिक या मत्स्यालयाचं काढा, मुलं असतील तर विशेषच. चार तास हाताशी ठेवा. विज्ञान संग्रहालय मुंबईतलं नेहरू सायन्स सेंटर पाहिलेल्या मुलांना नवं वाटेलच असं नाही.

१५. २०२४ मध्ये तिथे मोठा पूर आला होता ना? आता येणं योग्य आहे का?

२९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सर्वाधिक फटका शहराच्या दक्षिणेकडच्या गावांना बसला. जुनं शहर वाचलं ते वर सांगितलेल्या नव्या पात्रामुळे. पर्यटकांची ठिकाणं सुरू आहेत, या आणि खर्च इथेच करा. एवढंच, की त्या गावांत ‘बघायला’ जाऊ नका, आणि कुणी स्वतःहून बोललं तर ऐका. असा विध्वंसक पाऊस इथे मुख्यतः शरद ऋतूत येतो. वसंतात सरी येतात, छत्री पुरते.

१६. फायास म्हणजे नक्की काय? पाच दिवसांत काय काय होतं?

वस्ती-वस्तीतली मंडळं वर्षभर खपून व्यंगचित्रासारखे उत्तुंग पुतळे उभारतात, काही चार-पाच मजली इमारतीएवढे, आणि १९ मार्चच्या रात्री जाळून टाकतात. राजकारणी, फुटबॉलपटू, शेजारी, कुणाला सोडत नाहीत. साडेतीनशेहून जास्त मंडळं, प्रत्येकाचा एक मोठा आणि एक लहान मुलांचा देखावा. लोकांच्या मतांनी दर वर्षी निवडलेल्या आकृत्या आगीतून वाचतात, त्यांचं संग्रहालय आहे. २०१६ पासून उत्सव युनेस्कोच्या यादीत आहे.

१ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता होते. हे दिवाळीचं आतषबाजी-दर्शन नव्हे. भर उन्हात रंग कुठले दिसणार? पाच-सात मिनिटं बार तालात वाढत जातात आणि शेवटी जमीन पायाखाली थरथरते. देखावे १५ ला रात्रभरात उभारून होतात, १७-१८ ला रेशमी पोशाखातल्या बायका-मुली देवीला, म्हणजे मेरीमातेला, फुलं वाहायला निघतात आणि त्या फुलांचाच देवीचा भव्य झगा विणला जातो. १८ च्या रात्री खरी रोषणाईची आतषबाजी, १९ ला दहन. पाहायला तिकीट कशालाच नाही.

रस्त्यावर भोपळ्याचे बुन्युएलो तळतात, घट्ट चॉकलेटमध्ये बुडवून खायचे. गर्दीची भीती वाटत असेल तर एक मधला मार्ग : मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत कामाच्या दिवशी या. मास्क्लेता मिळते, देखावे मिळत नाहीत, खोलीचे भाव मात्र माणसात असतात.

१७. सासू-सासरे आणि दोन वर्षांचं बाळ बरोबर आहे. फायासला यावं का?

शेवटच्या चार दिवसांत येऊ नका. मास्क्लेताचा आवाज १२० डेसिबलपर्यंत जातो, बाळाच्या कानाला ते धोक्याचं आहे. फटाके अधिकृत वेळेतच फुटतात असंही नाही. सकाळी आठला मंडळाची पोरं बॅण्ड आणि फटाके घेऊन तुमच्या खिडकीखाली येतात, तीही परंपराच. दमा असेल तर धुराचा त्रास होतो. श्रवणयंत्र किंवा पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

यायचंच ठरलं असेल तर बाळासाठी कान पूर्ण झाकणारे संरक्षक घ्या, नुसता कापूस नको. खोली समुद्राकडे किंवा अल्बोराया, बुर्जासोतसारख्या मेट्रोवरच्या गावात घ्या. देखावे सकाळी नऊला पाहा, तेव्हा रस्ते रिकामे असतात कारण उत्सवी मंडळी पहाटे झोपलेली असतात.

१८. एप्रिलमध्ये समुद्रात डुंबता येईल का?

पाणी १६ अंशांच्या आसपास असतं. इथली माणसं काठावर बसतात, पाण्यात जर्मन पर्यटक जातात. मेच्या शेवटी विचार करा. माल्वार्रोसाचा किनारा रुंद, सपाट आणि बिनखडकाचा आहे, आजी-आजोबांना चालायला छान फरसबंद रस्ता. मागच्या काबान्याल या जुन्या कोळीवाड्यात फरशा जडवलेली रंगीत घरं आहेत. समुद्रासमोरच्या रेस्टॉरंट्सपेक्षा दोन गल्ल्या आत खाणं अधिक चांगलं आणि स्वस्त. वाळूत पिशवी ठेवून पाण्यात जाऊ नका.

१९. अल्बुफेरात हिरवी भातशेती दिसेल ना?

वसंतात नाही! फोटोंत दिसते ती जून ते ऑगस्टमधली. मार्च-एप्रिलमध्ये नांगरलेली कोरडी जमीन असते, मेमध्ये खाचरांत पाणी सोडून पेरणी होते आणि तेव्हा ती आरशासारखी चमकतात. म्हणजे भाताच्या ओढीने येणाऱ्याने मेचा दुसरा पंधरवडा धरावा. सरोवर, पक्षी आणि सूर्यास्ताची होडी मात्र वर्षभर. २४ क्रमांकाची बस एल पाल्मार गावी जाते, तिथे दुपारी भात खाऊन संध्याकाळी होडी घ्या. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच पाहून ठेवा.

२०. आमच्या तारखा ईस्टरला येतात. सगळं बंद असेल का?

गुड फ्रायडे, ईस्टर रविवार आणि त्यानंतरचा सोमवार सुट्टी, दुकानं-बाजार बंद. शिवाय त्याच्या पुढच्या सोमवारी सान व्हिसेंतेची आणखी एक सुट्टी, जी बाहेरच्यांना माहीतच नसते. रेस्टॉरंट्स बहुतांश उघडी, पण टेबल आधी राखा. एरवीही संग्रहालयं सोमवारी आणि अनेक रेस्टॉरंट्स रविवारी रात्री बंद असतात.

बदल्यात काबान्यालमधल्या कोळ्यांच्या मिरवणुका मिळतात. ईस्टरच्या आदल्या मध्यरात्री तिथले लोक बाल्कनीतून जुनी भांडी खाली फेकून फोडतात. बाल्कनीखाली उभे राहू नका. बेकरीत उकडलेलं अंडं रोवलेला गोड पाव, मोना, मिळतो.

२१. रस्त्याकडेची संत्री तोडली तर चालतील?

नाही, आणि खाववणारही नाहीत. ती शोभेची कडू जात आहे. बाजारात गोड संत्री किलोने घ्या.

२२. पाणी विकतच घ्यावं लागतं का? टिप किती द्यायची?

नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, फक्त जड आणि चवीला बेताचं. २०२२ च्या कायद्याप्रमाणे रेस्टॉरंटने मागितल्यास नळाचं पाणी फुकट द्यायला हवं : ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणा. टिपची सक्ती नाही. जेवण आवडलं तर वरची नाणी ठेवतात. बाहेरच्या टेबलाला थोडा जास्त दर असू शकतो, तो दरपत्रकावर लिहिलेला असतो. आग्वा दे व्हॅलेन्सिया हे मात्र पाणी नव्हे : १९५९ साली इथल्याच एका बारमध्ये जन्मलेलं, संत्र्याचा रस, कावा (फेसाळ वाइन), व्होडका आणि जिन यांचं मिश्रण. एका सद्गृहस्थांनी ते मुलासाठी मागवलं होतं.

२३. वीस मार्चच्या पहाटे विमान आहे. आदल्या रात्रीचं दहन पाहता येईल का?

येईल, थोडं गणित करून. मुलांचे देखावे रात्री आठच्या सुमारास जळतात, वस्त्यांतले मोठे दहाच्या सुमारास आणि नगरपालिकेचा सर्वांत शेवटी, अकराच्या आसपास. प्रत्यक्षात अग्निशमन दल पोचल्याशिवाय काडी लागत नाही, म्हणून उशीर धराच. नगरपालिकेचा चौक सोडून द्या. तिथून बाहेर पडायलाच तास जातो. आपल्या मुक्कामाजवळचं छोटं मंडळ निवडा, ज्योत जवळून दिसते आणि वर्षभर राबलेली माणसं रडताना दिसतात.

मध्यभागातले रस्ते बंद असल्याने टॅक्सी दारात येणार नाही. उत्सवाच्या मुख्य रात्री मेट्रो सहसा रात्रभर चालवतात, पण त्या वर्षीचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून घ्या. सामान संध्याकाळीच भरून ठेवा आणि प्रवासाचे कपडे बंद पिशवीत, कारण दहनाला घातलेल्या कपड्यांना धुराचा वास मुंबईपर्यंत पुरतो.